भाजीवाल्याची पाटी

चेकोस्लोव्हाकियात टंकलिखित प्रतींतून हातोहात पसरलेल्या वाक्लाव हावेल यांच्या ‘दुर्बलांचे सामर्थ्य’ (१९७८) या निबंधातील भाजीविक्रेता कामगारांच्या एकजुटीची पाटी दुकानाच्या खिडकीत लावतो. श्रद्धेने नव्हे, आपणांस कोणी छेडू नये म्हणून! सत्ता अशा लहानसहान असत्यांवरच तगते, हे हावेल यांचे निदान मर्मग्राही खरे. पाटी काढणाऱ्याचे पद जाईल, मुलांच्या उच्च शिक्षणावर गदा येईल, हेही ते नमूद करतात. परंतु त्या किमतीपाशी पुरेसे थांबत नाहीत, हे निबंधाचे न्यून होय. हावेल यांनी स्वतः १९७९ ते १९८३ कारावास सोसला, पण त्यांची दखल जगाने घेतली. अनामिकाची दाद कोण घेणार? १९८९ च्या डिसेंबरात हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. त्या विजयाचा इतिहास लिहिताना हा हिशेबही मांडावयास हवा.