चार आण्यांचे तिकीट आणि डोंबाघरचे पाणी

मराठी रंगभूमी आणि चित्रपट यांचा प्रारंभ हा विषय मी गेली नऊ वर्षे पदवीच्या वर्गाला शिकवतो आहे. टिपणे ठरलेली, सनावळी ठरलेली. दोन वर्षांपूर्वी हरिश्चंद्राचे कथानक सांगत असताना मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “सर, राजा सुटला, पण त्या डोंबाचं पुढं काय झालं?” वर्ग हसला. मीही हसलो. तास संपवून बाहेर आल्यावर मात्र मला माझ्या हसण्याची लाज वाटली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पण ज्यांनी हा इतिहास लिहिला त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसूनच मी नाटक-सिनेमा पाहायला शिकलो होतो. ती मुलगी वेगळ्या जागेवरून पाहत होती.

प्रेक्षकाची ही जागा आपल्या समीक्षेने कधी विचारात घेतली नाही. आपले चित्रपटेतिहास ७ जुलै १८९६ या दिवसापासून सुरू होतात. त्या दिवशी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. तिकीट एक रुपया. दाखवलेल्या सहा चित्रफितींपैकी एक होती कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांची. फ्रान्समधल्या लिओंचे ते कामगार फाटकातून बाहेर येताना साहेबांनी आणि काही धनिकांनी एक रुपया मोजून पाहिले. त्याच संध्याकाळी गिरणगावातही भोंगा वाजून गिरण्या सुटल्या असतील. पण त्या सुटणाऱ्या माणसांना हॉटेलात प्रवेश मिळण्याचा प्रश्नच नव्हता. अडीच महिन्यांनी मांडवीत प्लेग सापडला आणि ही माणसे जीव घेऊन गावाकडे पळाली. चित्रपटाच्या इतिहासात प्लेग नसतो, तो दुसऱ्या पुस्तकात असतो.

पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते आठवड्याभरानंतर घडले. १४ जुलैपासून हेच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात होऊ लागले, आणि महिनाअखेरीपर्यंत तिकिटांची दरपट्टी चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत पसरली. पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळ्या बॉक्सची सोय झाली. म्हणजे स्त्री आणि पुरुष, श्रीमंत आणि गरीब यांची वाटणी दरपट्टीत स्पष्ट होती. जातीचा रकाना मात्र तीत नव्हता. ज्या समाजात देवळाची पायरी, विहिरीचा काठ, शाळेतले बसणे, सारे जातीने ठरत होते, त्या समाजात जागा पैशाने ठरू लागली. हा बदल लहान नव्हता. भांडवलशाहीने आपल्यावर उपकार केले असे मी म्हणत नाही. तिने फक्त गल्ला पाहिला. परंतु गल्ला पाहताना तिने जातीकडे पाहिले नाही, हे नोंदवायला आपण कचरू नये.

माझ्या आजोबांचे उदाहरण देतो. ते एका गिरणीत होते. विणाई खात्यात मजुरी जास्त, पण तेथे आपल्या माणसांना घेत नसत. धोटा भरताना दोरा तोंडाने ओढावा लागे आणि मग इतरांना त्या उष्ट्याचा विटाळ होई. बाबासाहेबांनी हा प्रश्न गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांसमोर उघडपणे मांडला होता. तर हेच आजोबा पगाराच्या दिवशी तिकीट काढून थिएटरात शिरत आणि शेजारी जो बसेल त्याच्या खांद्याला खांदा लावून बसत. दिवसा ज्या ओठांचा दोऱ्याला विटाळ होई, त्याच ओठांनी रात्री अंधारात शिट्टी मारली तर कोणी जात विचारत नसे. अंधार ही गोष्ट आपल्या लोकांना एरवी फारशी लाभलेली नाही. येथे ती लाभली.

म्हणून सगळे आलबेल होते काय? नव्हते. तसे असते तर राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांच्याबरोबर ‘सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे’ हे शब्द घालावे लागले नसते आणि १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात त्यांचा पुन्हा उल्लेख करावा लागला नसता. मुंबई हे बंदर होते. तेथे जात लपवता येत होती, गावात ती लपत नव्हती.

आता पडद्याकडे वळू. खुर्चीवर जे घडले ते पडद्यावर घडले काय?

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. पुढे १९३२ साली मराठी बोलपटाचा प्रारंभ झाला तो प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ने, म्हणजे पुन्हा हरिश्चंद्रानेच. त्याआधी पारशी-गुजराती रंगभूमीने हे आख्यान गाजवलेले होते. लहानपणी हरिश्चंद्राचे नाटक पाहून आपण किती भारावलो हे गांधींनी आत्मकथेत लिहिले आहे. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा प्रारंभाला का येते? ‘सत्यनिष्ठा’ हे ठरीव उत्तर परीक्षेच्या पेपरात चालते. माझ्या मते या गोष्टीत प्रेक्षकाला रडवणारे सत्य नाही, पडझड आहे. राज्य गेले, बायको-मुलगा विकला गेला, आणि त्या उतरंडीची शेवटची पायरी कोणती? राजा डोंबाचा चाकर झाला, मसणवटा राखू लागला. मराठीत आपण आजही ‘डोंबाघरी पाणी भरणे’ असे म्हणतो, ते दुर्दशेची परमावधी सांगण्यासाठी. म्हणजे डोंबाचे रोजचे जगणे हे राजाच्या दुःखाचे माप झाले. राजाने ते चार दिवस भोगले तर करुणरस. डोंबाने पिढ्यान्‌पिढ्या भोगले तर तो त्याचा व्यवसाय!

पुराणकाराने तर आणखी एक खबरदारी घेतली आहे. मार्कंडेय पुराणात राजाला विकत घेणारा चांडाळ हा खरा चांडाळ नाहीच, तो वेष बदललेला प्रत्यक्ष धर्म आहे. सूर्यवंशी राजा खऱ्या चांडाळाचा एक दिवसही चाकर झाला नाही, अशी ही व्यवस्था. आपला माणूस कथेत आला तोही सोंग म्हणून, आणि सोंग उतरल्यावर आत देव निघाला.

सालांकडे लक्ष द्या. १९१३ आणि १९३२ यांच्या मधोमध १९२७ येते. महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि नंतर त्या तळ्याचे शुद्धीकरण केले गेले. त्यानंतर पाच वर्षांनी तोच राजा पडद्यावर बोलू लागला, आणि प्रेक्षक पुन्हा रडला. त्या प्रेक्षकांत आपलीही माणसे होती.

माझी आजी नायगावच्या बीडीडी चाळीत राहायची. हरिश्चंद्राचा सिनेमा तिने पाहिला होता. कोणता, ते तिला सांगता येत नसे. ती म्हणायची, “राजाला डोंबाघरी ऱ्हावं लागलं रं बाबा! समदं थेटर रडत हुतं.” एकदा मी तिला विचारले, “आजी, डोंब म्हणजे कोण?” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आसंल आपल्यासारखंच कुणी.” आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली. आजीला भाबडी ठरवणे सोपे आहे, पण मला ते मान्य नाही. नवरा-बायको-मुलाची ताटातूट तिने स्वतः भोगली होती, ती त्या तारामतीसाठी रडली. तिच्या अश्रूंचा दोष नाही. ते कोणाच्या खात्यावर जमा झाले, हा प्रश्न आहे.

तारामतीवरून आणखी एक गोष्ट. फाळक्यांना तारामतीसाठी स्त्री मिळेना. वेश्यावस्तीत शोधूनही कोणी तयार होईना, अखेर हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवले. ही हकिकत आपले लेखक गंमत म्हणून सांगतात. त्याच मुंबईत पिलाहाऊसच्या थिएटरांत तमाशाचे फड उभे राहत होते आणि महार समाजातली पवळा पठ्ठे बापूरावांच्या साथीने मुंबई गाजवत होती. सोज्ज्वळ रंगभूमीवर स्त्री नको, कारण घराण्याची अब्रू. तमाशात स्त्री हवी, पण ती आमच्या घरची. स्त्री मिळत नव्हती हे खोटे आहे. पतिव्रता म्हणून दाखवता येईल अशा जातीची स्त्री मिळत नव्हती. बापूराव स्वतः ब्राह्मण, पवळेसाठी त्यांनी समाजाचा रोष पत्करला, हे खरेच. पण त्यांनी तमाशाच्या उत्पन्नातून देऊ केलेली मदत बाबासाहेबांनी नाकारली, अशी हकिकत आपल्या चळवळीत सांगितली जाते. बापूरावांच्या त्यागावर पुष्कळ लिहिले गेले, पवळेच्या कमाईवर फारसे नाही.

तर मग आपली करमणूक कोठे होती? परळच्या दामोदर हॉलचे नाव घेतो. कामगारांची नाटके तेथे होत, आणि बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेचा विचार करण्यासाठी बाबासाहेबांनी ९ मार्च १९२४ रोजी सभा घेतली तीही तेथेच. प्रेक्षक म्हणून जेथे बसायला शिकलो तेथेच सभासद म्हणून उभे राहायला शिकलो. रंगभूमीच्या इतिहासात हा हॉल नाटकांपुरता येतो आणि चळवळीच्या इतिहासात सभेपुरता. पुढे भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी गण-गौळणीचा साचा घेऊन आतला मजकूर बदलला. त्यांनी राजाला रडवले नाही, सावकाराला आणि भटजीला प्रश्न विचारले. त्याही आधी, ग्रँट रोडचे थिएटर भरात असताना, १८५५ साली जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले होते. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. ते छापून आले १९७९ साली. मराठी नाटकाचा सवाशे वर्षांचा अभ्यासक्रम त्याच्याविना निर्वेध चालला.

यंदा मी ठरीव प्रश्न बदलला. हरिश्चंद्र पाणी भरून आणतो तो प्रसंग डोंबाच्या बाजूने लिहा, असे वर्गाला सांगितले. बहुतेकांनी डोंबाला दयाळू केले. काहींनी त्याच्या तोंडी राजाची स्तुती घातली. एका मुलाच्या उत्तरात राजा घागर खाली ठेवतो आणि डोंब त्याला एवढेच विचारतो, “हे पाणी कुठल्या पानवठ्यावरून आनलं? मला तिथं कधी भरू दिलं न्हाई.” मी त्याला दहापैकी नऊ गुण दिले. एक गुण शुद्धलेखनाचा कापला. तो का कापला, हे त्या मुलाने परवा विचारले. त्याला काय सांगावे, हे मी अजून ठरवलेले नाही.