आधी विकतची, मग हातची

एकचाकी समोर आली की लोकांची नजर आधी तिच्या सीटवर जाते. माझी जाते ती हबवर. साध्या सायकलचं हब स्थिर आसाभोवती छर्‍यांवर फिरतं आणि मागच्या चाकात फ्रीव्हील असतं, त्यामुळे पाय थांबले तरी चाक पळत राहतं. एकचाकीत आस आणि हब एकजीव असतात. आसाच्या दोन्ही टोकांना थेट क्रँक, आणि बेअरिंग हबच्या पोटात नसून बाहेर, फोर्कच्या दोन पायांपाशी. पॅडलची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. चाक २० इंची असेल तर साधारण १.६ मीटर रस्ता, ना कमी ना जास्त. पळणं, थांबणं, मागे येणं ही सगळी कामं या मूठभर लोखंडातून होतात. यंत्रातली इतकी देखणी काटकसर क्वचितच पाहायला मिळते.

पहिली एकचाकी विकत घ्यावी की घरी बनवावी, याचा निकाल मला वाटतं इथेच लागतो. जुन्या सायकलचा फोर्क घेऊन त्याच्या नळीत सीटचा दांडा बसवला की चौकट झाली. रिम, तारा, टायर हाताशी असतातच. अडतं ते हबपाशी. हबला आस वेल्ड करून त्यावर क्रँक चढवता येतात, पण ती जोडणी सोसते किती? दोन चाकांच्या सायकलवर पायांचा जोर एकाच दिशेनं पडतो. एकचाकीवर पुढे-मागे तोल सावरायचा असतो, म्हणून जोर सतत उलटसुलट बसतो, आणि क्रँकमध्ये केसभर ढिलाई असली तरी तो तिला दोन्हीकडून ठोकून वाढवतो. आपल्याकडच्या दणकट काळ्या सायकलची कॉटर पिन सैल झाली की पॅडलखाली जो ‘खट’ येतो, तो कुणाला माहीत नाही? तिथे तो नुसता कानाला खुपतो; इथे तोच माणसाला खाली पाडतो. आणि नवशिक्याला कळतच नाही की ही डळमळ आपल्या अंगातली की चाकातली. निदान चाकाबद्दल तरी त्याच्या मनात शंका नको. म्हणून पहिली विकतचीच घ्यावी, २० इंची. जपानमध्ये कितीतरी प्राथमिक शाळांच्या मैदानांवर मुलं एकमेकांचे हात धरून अशाच तयार एकचाक्यांवर शिकतात.

विकतची घेतली तरी ती जवळून न्याहाळावी. फोर्कच्या टोकाला बेअरिंग धरणारी अर्धगोल पट्टी असते. तिचे बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळले की चाक जड फिरतं. डाव्या पॅडलला उलटे आटे असतात. सीट फिरून एकचाकीची पाठ पुढे आली, तर चालवता चालवता पॅडल सुटू लागतात. वरवर पाहता जिला पुढची-मागची बाजूच नाही, तिची बाजू ठरते ती या आट्यांवर! सीटच्या दोन्ही टोकांना जाड प्लॅस्टिकचे तुकडे असतात. सुरुवातीला सगळ्यात जास्त मार तेच खातात.

हबमध्ये कारागिरी कुठवर जाऊ शकते ते स्वित्झर्लंडच्या फ्लोरियान श्लुम्फ यांनी दाखवलं. त्यांच्या हबच्या पोटात गिअर आहे. चालवता चालवता टाचेनं आसावरचं बटण दाबलं की पॅडलच्या एका फेरीत चाक दीड फेरी फिरतं. एका चाकावर तोल धरलेला असताना टाच नेमकी तिथे न्यायची, या कल्पनेनंच मी हरखून जातो.

हात फारच शिवशिवत असतील तर ते जिराफासाठी राखून ठेवावेत. जिराफ म्हणजे उंच एकचाकी: पॅडल वर, चाक खाली, मध्ये साखळी. तिच्यासाठी जुन्या सायकलची चौकट कापून जोडता येते आणि पॅडलचा आस चौकटीतलाच चालतो, त्यामुळे घरच्या वेल्डिंगला खरा वाव इथे आहे. फ्रीव्हील मात्र ठेवायचं नाही, दातांचं चक्र हबवर पक्कं हवं, आणि साखळी चांगली ताणून बसवायची. पहिल्या एकचाकीवर तयार झालेले पाय तिची ढिलाई लगेच ओळखतात.