डाव्या बाजूचे वाङ्मय

मराठीत समीक्षकांनी नवकवितेवर लिहिले, नवकथेवर लिहिले. पण पाककृतींच्या पुस्तकातल्या चटण्यांच्या प्रकरणावर कुणी चार ओळी खरडल्याचे माझ्या वाचनात नाही. वास्तविक हेच खरे डाव्या बाजूचे वाङ्मय! पानात मीठ, लिंबू, चटणी ही मंडळी डावीकडे बसतात, तसे पुस्तकातही पुरणपोळीला दोन पाने आणि चटणीला चार ओळी. त्यातली शेवटची ओळ ठरलेली : ‘चवीपुरते मीठ घालून वाटावे.’

आता, कुणाच्या चवीपुरते? आमच्या घरात माणसे पाच आणि चवी सहा. कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ १९७० साली निघाले आणि वाटी-चमच्याच्या मापाने कितीतरी नवे संसार तरले, हे मान्यच. पण वाटीने खोबरे मोजता येते. कैरी किती आंबट निघणार हे वाटीला काय ठाऊक?

दुसरी तक्रार दोडक्याची. भाजीच्या कृतीत लिहितात, ‘शिरा काढून दोडके चिरावेत.’ त्या शिरांचे पुढे काय, यावर मौन. मग चाळीस पाने उलटल्यावर चटण्यांत : ‘साहित्य – दोडक्याच्या शिरा एक वाटी.’ तोवर त्या कचऱ्याच्या गाडीतून गेलेल्या असतात! बाजारात जाऊन ‘पाव किलो शिरा द्या हो’ म्हटले, तर भाजीवाला मला मिठाईचे दुकान दाखवील. खरे तर शिरा तेलावर कुरकुरीत परतल्या, तीळ, सुके खोबरे, तिखट-मीठ घालून भरड कुटले, की झाली चटणी. ती भाजीच्याच पानावर हवी. ज्या बाईने ती प्रथम केली, तिला टाकवेना म्हणूनच केली ना?

आणि ‘वाटावे’ हे क्रियापद! सोलापूरकडची शेंगदाण्याची चटणी वाटत नाहीत, उखळात कुटतात, दाण्यांना तेल सुटेपर्यंत. मिक्सर थोडा फिरवला तर तिखट घातलेले दाण्याचे कूट होते, जास्त फिरवला तर लगदा. फिरवायचाच तर थांबत थांबत. ठेच्याने तर आपली कृती नावातच सांगून टाकली आहे. मिरच्या-लसूण तव्यावर तेलात भाजायचे, जाड मीठ टाकायचे आणि तिथेच तांब्याच्या बुडाने रगडायचे. तरी पुस्तक म्हणते, ‘मिक्सरमधून काढावे.’

टोमॅटो सॉसही याच प्रकरणात, ‘घरच्या घरी, सोपा’ म्हणून. किलोभर टोमॅटो शिजवा, गाळा, आटवा. शेवटी पाहुण्यांना तीर्थासारखा द्यावा लागतो. सॉस हा शब्द मुळात लॅटिनमधल्या मिठावरून आला, चटणी चाटण्यावरून. एकाचे नाव सामानावरून, दुसरीचे खाणाऱ्याच्या वागणुकीवरून. मी कुठल्या पक्षाची, हे सांगायला नकोच.

पण माझे मुख्य भांडण वेगळेच आहे. पुस्तके मापे देतात, खुणा देत नाहीत. कारळे किती भाजायचे विचारले की सासूबाई म्हणायच्या, “अगं, वास आला की उतरव!” कुठला वास, हे विचारायला आता त्या नाहीत. ‘पाच मिनिटे भाजावे’ असे छापणाऱ्यांना माझी कढई जाड की पातळ ते माहीत नाही. वास दोन्हींत तोच येतो.

आत्येसासूबाईंची एक हाताने लिहिलेली वही मात्र माझ्याकडे आहे. तेलाच्या डागांनी निम्मी वाचता येत नाही. जवसाच्या चटणीखाली लिहिले आहे, ‘तडतडू लागले की शेगडीपासून हलू नये, दारात कुणीही असो.’ आणि डाळ्याच्या चटणीखाली, ‘मीठ बेताने. ह्यांना कमी लागते. मामंजींना वर वेगळे वाढावे.’ कुणाच्या चवीपुरते, हे लिहिणारी एवढी एकच लेखिका मला आजवर भेटली.