वास्तूचा इतिहास आणि माणसांचा इतिहास : लॉस एंजेलिसमधील फिलिपिनो ख्रिस्ती मंडळी

स्थलांतरितांच्या धर्मसंस्थांचा इतिहास बहुधा एका ठरावीक साच्यात लिहिला जातो : स्थापना, पाळकांची नामावली, वास्तुखरेदी, महोत्सव. हा साचा खोटा नसतो, अपुरा असतो. संस्था का उभी राहिली, या प्रश्नाचे उत्तर त्यात ‘श्रद्धा’ या एकाच शब्दात दिलेले असते. लॉस एंजेलिसमधील फिलिपिनो ख्रिस्ती मंडळीच्या संदर्भात हे उत्तर तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१८९८ मध्ये फिलिपिन्स बेटे स्पेनकडून अमेरिकेच्या ताब्यात गेली. त्यापाठोपाठ अमेरिकी प्रॉटेस्टंट मिशनरी तेथे पोहोचले. ‘डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट’ या पंथाचे कार्य १९०१ मध्ये सुरू झाले आणि पुढे इलोकोस भागात रुजले. कॅलिफोर्नियाच्या शेतमळ्यांत राबावयास गेलेल्या तरुणांत इलोकानो मोठ्या संख्येने होते. बहुसंख्य कॅथलिक असलेल्या समाजातून लॉस एंजेलिसमध्ये या पंथाची मंडळी का उभी राहिली, याचा उलगडा येथे होतो. १९२०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या या कार्याशी रेव्हरंड सिल्व्हेस्ट्रे मोरालेस यांचे नाव निगडित आहे.

मात्र ‘मिशनचे फळ’ एवढेच म्हणून थांबल्यास एक विसंगती नजरेआड होते. ज्या देशाच्या मिशनऱ्यांनी बंधुभावाची शिकवण दिली, त्याच देशात या तरुणांना बंधुभाव नाकारला गेला. १९३० मध्ये वॉटसनव्हिल येथे फिलिपिनो मजुरांवर जमावाने हल्ले केले व फर्मिन तोबेरा हा तरुण मारला गेला. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियाने गोऱ्यांशी विवाहास बंदी असलेल्या वंशांत ‘मलाय’ वंशाचा समावेश केला. १९३४ च्या टायडिंग्ज-मॅकडफी कायद्याने फिलिपिनोंचा प्रवेश वर्षाला ५० जणांपुरता मर्यादित केला. स्थलांतरितांत स्त्रिया अत्यल्प होत्या. म्हणजे कुटुंबाची वाट दोन्ही बाजूंनी बंद होती. अशा माणसांच्या लेखी ‘मंडळी’ हा शब्द केवळ उपासकांचा समूह सुचवीत नाही. तो घराची उणीव भरून काढतो.

या दृष्टीने पाहिल्यास १९५० मध्ये युनियन अॅव्हेन्यूवर घेतलेल्या वास्तूचा अर्थ बदलतो. रूढ कथनात ती काटकसरीची व निष्ठेची फलश्रुती ठरते. परंतु १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने फिलिपिनोंना, आणि त्यांच्याबरोबरच भारतीयांनाही, अमेरिकी नागरिकत्वाचा मार्ग खुला केला होता. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने विवाहबंदी रद्द केली होती. त्यानंतरची ही खरेदी म्हणजे परतीचा विचार मागे ठेवून येथेच राहण्याच्या निश्चयाची नोंद होय, असे म्हणता येईल. १९९८ मध्ये शहराने वास्तूला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला. भिंतींची दखल घेतली गेली. त्या भिंतींची गरज कोणी निर्माण केली, हा प्रश्न गौरवाच्या भाषेत सहज विरून जातो.

याच्या उलट टोकाचाही दोष संभवतो. कार्लोस बुलोसान यांच्या ‘अमेरिका इज इन द हार्ट’ (१९४६) या ग्रंथात शेतमळे, जुगारअड्डे, मारहाण व कामगार चळवळ यांना अग्रस्थान आहे. तेवढ्यावरच विसंबणाऱ्या अभ्यासकाला हा समाज केवळ सोसणारा व झगडणारा दिसेल. संस्था जोपासणारा दिसणार नाही. बुलोसान यांची वेदना आणि मंडळीचा संयम ही एकाच अनुभवाची दोन कथने आहेत.

ती एकत्र येऊ शकतात याचा पुरावा पाळक मोरालेस यांच्याच घरात सापडतो. त्यांचे पुत्र रॉयल मोरालेस समाजकार्यकर्ते झाले व १९७४ मध्ये त्यांनी या समाजाविषयी ‘माकिबाका’ हे पुस्तक लिहिले. ‘संघर्षात सामील व्हा’ असे आवाहन करणारा हा तागालोग शब्द पाळकाच्या घरात वाढलेल्या लेखकाने शीर्षकासाठी निवडावा, हे अर्थपूर्ण आहे. मंडळीच्या इतिहासात कृतज्ञतेला स्थान असावेच. पण ज्या अन्यायामुळे ती मंडळी आवश्यक झाली, त्याची नोंद गाळून लिहिलेली कृतज्ञता हा इतिहास नव्हे.