सोंगट्या सातासमुद्रापार

बीडमध्ये आज कुणालाही ‘सोंगटी’ म्हणा, त्याच्या डोळ्यांपुढं कॅरमची गोल चकती येईल. पोराला लुडोतली आठवेल. निवडणुकीच्या दिवसांत तर कुणाच्या तरी इशाऱ्यावर पुढं सरकणारा माणूसही सोंगटीच. शब्द एवढा पसरला. सारीपाट मात्र घराघरांतून उठला.

संस्कृतात ‘शारि’ म्हणजेच सोंगटी. तिचा पट तो सारीपाट. म्हणजे ‘सारीपाटाच्या सोंगट्या’ म्हणताना आपण एकच वस्तू दोनदा सांगतो! कापडी पट फुलीच्या आकाराचा. चार पट्ट्या, प्रत्येकीत तीन रांगा, रांगेत आठ घरं. चार रंगांच्या चार-चार सोंगट्या मधून निघतात, पट फिरून मध्येच परततात. एकटी सापडली तर मारली जाते, जोडीनं बसली तर तिला धक्का नाही. तीन फाशांवर सहा, सहा आणि एक पडलं की पोबारा. खेळ संपला की सोंगट्या पटातच गुंडाळायच्या. असा आटोपशीर खेळ दूरवर गेला नसता तरच नवल.

आमच्या मराठवाड्यात तो देवांनीही सोडला नाही. वेरूळच्या २१ व्या लेण्यात शिवपार्वती द्यूत खेळतायत आणि खाली गण नंदीची खोडी काढतायत. गेवराई तालुक्यातलं पांचाळेश्वर ज्या महानुभावांचं तीर्थ, त्यांचे चक्रधरस्वामीही पूर्वायुष्यात द्यूताच्या नादी लागले होते, असं लीळाचरित्र सांगतं.

सारीपाटाच्याच कुळातली कवड्यांची पचिशी अमेरिकेत ‘पार्चिसी’ झाली. तिथं हे नाव १८७४ मध्ये नोंदवलं गेलं. इंग्लंडात १८९६ मध्ये तिच्यावरून केलेल्या लुडोचं पेटंट निघालं. माझ्या मते खरी निष्ठा स्पेनची. तिथल्या ‘पार्चिस’मध्ये दोन सोंगट्या एका घरात बसल्या की भिंत उभी राहते, कुणालाच ओलांडता येत नाही. सोंगटी ‘मारली’ नव्हे, ‘खाल्ली’ म्हणतात आणि खाणारा वीस घरं पुढं जातो. आपण माळ्यावर टाकलेला डाव परक्यांनी जेवणानंतरच्या टेबलावर मांडून ठेवला, याबद्दल त्यांचं कौतुक करायलाच हवं.

आणि परदेशात राहून आजही पट अंथरणाऱ्या मराठी घरांचं त्याहून जास्त. त्यांना एकच विनंती: घरातल्या वडीलधाऱ्यांना दानांची नावं विचारा, आपल्या गावच्या नियमांसकट लिहून काढा आणि पुढच्या स्मरणिकेसाठी पाठवा.