माता मोनिकेचा प्रश्न

ख्रिस्ती प्राध्यापकांच्या उन्हाळी तपसाधनेस कुटुंबीयही येतात; परंतु चर्चा प्राध्यापकांची आणि स्वयंपाकघर कुटुंबाचे, अशी वाटणी झाली, तर 'सहकुटुंब' हा शब्द पोकळ ठरतो. या संदर्भात संत ऑगस्टीन यांचा 'सुव्यवस्थेविषयी' हा लॅटिन संवादग्रंथ आम्हांस मननीय वाटतो.

इ. स. ३८६ मध्ये, द्राक्षहंगामाच्या सुटीत, मिलानमधील वक्तृत्वशास्त्राचे हे प्राध्यापक कासिकियाकुम येथे एका मित्राच्या ग्रामगृही राहावयास गेले. सोबत माता मोनिका, पुत्र, बंधू आणि शिष्य होते. चर्चा रंगली असता मोनिका आत येतात व विषय कुठवर आला, असे विचारतात. ऑगस्टीन त्यांचे येणे आणि त्यांचा प्रश्न, दोन्ही लिहून घ्यावयास सांगतात. तुम्ही वाचता त्या ग्रंथांतील वादांत स्त्रिया कधी असतात काय, अशी मातेची शंका. प्राचीन काळी स्त्रियांनीही तत्त्वचिंतन केले आहे, हे पुत्राचे उत्तर.

दुसऱ्या भागात मात्र ऑगस्टीन दीर्घकाळ एकटेच बोलतात आणि संवादाचे व्याख्यान होते. हा दोष आम्हांस खटकतो, कारण ग्रंथाचे खरे तेज त्या प्रश्नोत्तरात आहे. तपसाधनेच्या आयोजकांनीही एवढेच पाहावे : टिपणवहीत मोनिकेचा प्रश्न उतरला आहे ना?