पुढचे पुस्तक कोणते?

एखादी कादंबरी आवडली की वाचक ग्रंथालयात तशीच दुसरी मागतो. ऐतिहासिकानंतर ऐतिहासिक, रहस्यकथेनंतर रहस्यकथा. ही निवड नव्हे, सवय होय, असे आम्हांस वाटते. हातावेगळ्या झालेल्या पुस्तकाने मनात जो प्रश्न मागे ठेवला, त्यावरून पुढचे पुस्तक निवडावे.

शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' ही कादंबरी व इरावती कर्वे यांचा 'युगान्त' हा लेखसंग्रह, दोन्ही १९६७ सालची. सावंतांचा कर्ण आपली कथा आपल्याच मुखाने सांगतो. भाषा ओघवती, क्वचित अतिअलंकृत. अंतःकरण द्रवते, पण न्यायबुद्धी मागे पडते. भरसभेत द्रौपदीचा अपमान करणाऱ्या कर्णाचे काय, हा प्रश्न उरतोच. 'युगान्त'मध्ये कर्वे महाभारतातील व्यक्तींची चिकित्सा करतात आणि कोणाच्याही उणिवेवर पांघरूण घालत नाहीत. १९६८ साली या ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला.

कादंबरी आधी वाचावी, लेख मागाहून. केवळ पहिली वाचणारा भाबडा राहील, केवळ दुसरे वाचणारा कोरडा. आपल्या मुलांनी दयाही शिकावी आणि न्यायही, असे वाटत असेल, तर घरातील फळीवर ही दोन्ही पुस्तके शेजारी असावीत.